सातव्या घराचा ठोका

आत्याकडे जायचं तर चारला जायचं आणि पाचच्या आत निघायचं, हा भाचीच्या घरातला जुना विनोद होता. आत्या चहा द्यायची, खायला घालायची, सगळ्यांची आपुलकीने चौकशी करायची. पण काटा पावणेपाचकडे सरकला की तिचं बोलण्यातलं लक्ष उडायचं, आणि "बरं, निघा आता," असं ती तोंडावर सांगायची. भाचीचे वडील हसून म्हणायचे, "आमच्या ताईकडे पाच वाजता कोण येतं, देव जाणे." ते जाऊनही आता तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी भाचीला लवकर निघणं शक्यच नव्हतं. ती नगरपालिकेच्या वारसा विभागात कामाला होती आणि आत्याचं घर वारसा यादीत लागलं होतं. राजवाडा नाही, किल्ला नाही. गोदीतल्या हमालांसाठी बांधलेल्या दहा घरांच्या रांगेतलं सातवं घर. दोन खोल्या, पुढे पायरी, मागे मोरी. बाकीची नऊ घरं कधीच पाडली गेली होती. दोन्ही अंगांना मोकळी जागा आणि मध्ये हे एकटंच, तोंडात एकच दात उरावा तसं. दुरुस्तीसाठी ते सहा महिने रिकामं हवं होतं आणि आत्या काही हलायला तयार नव्हती. या आठवड्यात तिची सही झाली नाही, तर काम रद्द होणार होतं. मग येत्या पावसाळ्यात उजवी भिंत तग धरेल, असं छातीठोकपणे कोणी सांगत नव्हतं.

"माझ्याकडे चल ना, आत्या. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, हवेशीर आहे."

"हवेला काय चाटायचंय? मला इथून हलता येत नाही."

"येत नाही, की यायचं नाही?"

"येत नाही म्हटलं ना. तू चहा पी आणि निघ."

भाचीने चहा प्यायला, पण ती निघाली नाही. उजव्या भिंतीची तपासणी राहिली होती. चुन्याचा जुना गिलावा लाकडी हातोडीने ठोकून बघतात. भरीव आवाज आला तर तो भिंतीला धरून आहे, पोकळ आला तर सुटलाय. "दहा मिनिटांत आटपते," म्हणून ती मागच्या खोलीत गेली. आत्याने घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

थंडीचे दिवस होते. खाडीवरून धुकं चढत होतं आणि खिडकीतला उजेड मळकट झाला होता. भाची वहीत भिंतीचं चित्र काढत बसली. तेवढ्यात डावीकडून ठोके ऐकू आले. सावकाश, सारख्या अंतराने, सहा. रस्त्याचं काम चाललं असेल, असं तिला वाटलं. मग पुढच्या खोलीतून उजव्या भिंतीवर सहा ठोके पडले. हे मात्र आत्याचेच होते. तिच्या बांगड्या वाजल्या. म्हातारी मदत करतेय, भाचीला हसू आलं. तिने हातोडी उचलली आणि त्याच भिंतीवर, आपल्या बाजूने, एक ठोका दिला.

आवाज भरीव आला. तिने वहीत खूण केली.

आणि भिंतीपलीकडून, जिथे गवताखेरीज काही नव्हतं, ठोके सुरू झाले. तिने नकळत मोजले. आठ. जरा थांबून आणखी लांबून नऊ. मग इतके लांबून की ऐकले की नुसते वाटले ते सांगता येऊ नये, असे दहा.

त्यानंतर सगळं शांत झालं.

आत्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू ठोका दिलास?"

"गिलावा बघत होते... आत्या, पलीकडे कोण आहे?"

"सात झाले," आत्या म्हणाली. "अगं, तुझ्या हाताने सात झाले." ती खिडकीशी गेली, काचेला कपाळ लावून बाहेर बघत राहिली. बराच वेळ. "नाही निघाला उजेड. आज नाही निघायचा."

भाचीने तिला धरून खाटेवर बसवलं. मग आत्या बोलायला लागली. बहात्तर वर्षं जे पोटात ठेवलं होतं, ते तिने एका दमात सांगितलं.

"संध्याकाळचा भोंगा झाला की रांगेत गणती व्हायची. पहिल्या घरातला माणूस परतला की तो शेजारच्या भिंतीवर एक ठोका द्यायचा. दुसऱ्या घरात माणूस आलेला असला की ते पुढे दोन देणार. तिसरं घर तीन. ज्याचा माणूस आला नाही, त्याने आले तेवढेच पुढे द्यायचे, वाढवायचे नाहीत. दहाव्या घरात मुकादम. त्याचा स्वतःचा धरून दहा भरले की सगळे घरी. कमी भरले की तो कंदील घेऊन गोदीत शोधायला निघायचा."

"आणि आपलं सातवं घर."

"आई इस्पितळात होती. तुझा बाप दोन दिवसांचा होता. घरात मी एकटी, सात वर्षांची. भोंगा झाला, सहा ठोके आले. बाबा आले नव्हते." आत्या थांबली. "आठवड्यापूर्वी ते असेच पत्ते कुटत बसले होते. मुकादमाने त्यांना हाताला धरून आणलं, सगळ्या रांगेसमोर वाट्टेल ते बोलला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत गं. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. मला वाटलं, आजही तसंच होणार. त्यांची अब्रू राखायला म्हणून मी..."

"सात दिलेस."

"सात दिले. मुकादम निजला. बाबा बोटीच्या पोटात पोत्यांच्या थप्पीखाली अडकले होते. सकाळी झाकण उघडलं तेव्हा सापडले. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या रात्रीपर्यंत जीव होता. त्यांच्या बोटांची सालटी निघाली होती. बोटीच्या लाकडावर ठोकत होते ते. वाटलं असेल, मुकादम येईल, तो येतोच..."

आजोबा बोटीवर गेले, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"रांग पाडली, तरी ठोके यायचे थांबले नाहीत," आत्या म्हणाली. "रोज सहा येतात, मी सहाच पुढे देते. मग दहाव्या घराच्या जागेवरून एक उजेड निघतो आणि गोदीकडे जातो. शोधतात बाई अजून. माझ्यामुळे तेव्हा गेले नाहीत, म्हणून रोज जातात. मी हलले तर सहा कोण देणार? आणि आज तर सात गेले. आता त्यांना कोण शोधणार?"

आत्या उठली. तिने माळ्यावरून जुना कंदील काढायला लावला, काच पुसली, तो पेटवला. डोक्यावरून शाल घेतली.

"मी येते बरोबर."

"तू घरात थांब. घर रिकामं ठेवायचं नसतं. माझं काम आहे हे, मीच आधी करायला हवं होतं."

पायरी उतरताना तिने कठड्याचा आधारही घेतला नाही. भाची खिडकीत उभी राहिली. उजेड गवतातून गेला, जुन्या वखारीच्या भिंतीपाशी थांबला. तिथे तो इतका वेळ थांबला, की भाचीने दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. मग तो परत फिरला. येताना फार हळू येत होता. आत्या पायवाटेच्या कडेने चालत होती, दुसऱ्याला जागा ठेवून चालावं तशी.

आत आल्यावर तिने दार लगेच लावलं नाही. ती बाजूला सरून उभी राहिली, आणि जरा वेळाने तिने कडी घातली. खोलीत ओल्या गोणपाटाचा वास आला.

"कुठे करायची सही?" तिने विचारलं.

भाचीने कागद पुढे केला. आत्याने चष्मा लावून सावकाश सही केली. खाली 'घर सोडून जाणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. तिथे तिने दोन लिहिलं. भाचीने पेन हातात घेतलं, आत्याकडे पाहिलं आणि आकडा तसाच राहू दिला.

चार दिवसांनी आत्या भाचीच्या घरी राहायला आली. येताना ती गाडीत डुलकी काढत होती. इतकी निवांत आत्या भाचीने जन्मात पाहिली नव्हती. दुपारी तिची पुऱ्या घराला नावं ठेवून झाली, चहा दोनदा झाला आणि चाराचे पाच झाले तरी तिने घड्याळाकडे बघितलं नाही.

पाच वाजता दोघी स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होत्या. आतल्या रिकाम्या खोलीत, शेजारच्या बिऱ्हाडाला लागून असलेल्या भिंतीवर, एक ठोका पडला.

"बाबा आले," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "एकच. म्हणजे इथे आपलं घर पहिलं."

भाचीने तिचा हात हातात घेतला. तिलाही बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. शेजारच्या बिऱ्हाडाला वर्षभर कुलूप होतं; तिथला मुलगा बोटीवर नोकरीला गेला, तो परतला नव्हता, आणि कंपनीने शोध थांबवला होता.

त्या कुलूपबंद घरातून, पलीकडच्या भिंतीवर, आधी एक ठोका पडला. दुसरा पडलाच नाही. आत्या मान वर करून ऐकत राहिली, आणि तिने हळूच कंदील कुठे ठेवलाय ते विचारलं.