कबरीवर पाला कोणी घातला?

मेलेल्या कालवडीच्या अंगावर पाला कोणी घातला असेल? चैत्रातील त्या सकाळी अकरा वर्षांच्या रेवतासमोर हा प्रश्न उभा राहिला. सन २०६३ चालू होते. खैरबोडी गावातील दिवे सूर्याच्या शक्तीवर जळत होते, पिण्याचे पाणी हवेतून गोळा होत होते. तथापि वाघाचे भय पणजोबांच्या काळी जेवढे होते तेवढेच शिल्लक होते.

कुमरे यांच्या घरची कबरी कालवड आदल्या सायंकाळी परतली नव्हती. रेवता व तिचे वडील लहानू माग काढीत कोरड्या नाल्याकाठी आले, तेव्हा ती पळसाच्या पाल्याखाली अर्धवट झाकलेली आढळली. तिचा मागील भाग खाल्लेला होता. रेवताला वाटले, कोणा दयाळू वाटसरूनेच तिला पांघरूण घातले असावे.

घरचे जनावर उघड्यावर टाकायचे नाही, आपल्या शेताच्या बांधावर पुरायचे, अशी कुमरे यांच्या घराची रीत होती. लहानूने कबरीच्या गळ्यातील घंटा सोडून मुलीच्या हाती दिली, पुढील पायांना दोर बांधला आणि तो ओढू लागला. वीस-पंचवीस पावले झाली असतील, तोच समोर टेहळ्या येऊन उभा राहिला.

टेहळ्या म्हणजे जंगलाची राखण करणारे, शेळीएवढे, चार पायांचे यंत्र. वन्य प्राणी बिथरू नयेत म्हणून त्याला जाणूनबुजून हळू आवाज दिलेला होता.

"आला टिनाचा डब्बा," लहानू म्हणाला. "जाय बापा, आपल्या कामाले लाग."

"दोर खाली ठेवा, लहानूजी," टेहळ्या म्हणाला. "हा पाला माणसाने घातलेला नाही. ज्याने घातला, तो आपल्याकडे पाहत आहे."

टेहळ्याला उष्णतादर्शक डोळा (अंगातील उष्णतेवरून लपलेला प्राणी ओळखणारा डोळा) होता. नाल्यापलीकडील बांबूच्या रांजीत (दाट बेटात) त्याला एक मोठी, उष्ण आकृती दिसत होती. रेवताने तिकडे पाहिले. तिला बांबूच दिसले आणि त्यामुळे तिची भीती अधिकच वाढली.

टेहळ्याने तिला खालच्या स्वरात एकेक खूण दाखविली. कबरीच्या गळ्यावर चार छिद्रे होती. ती सुळ्यांची (लांब, टोकदार दातांची) होती. वाघाला दूरवर पळणे झेपत नाही; म्हणून तो लपतछपत वीस-तीस पावलांवर येतो, एकच झडप घालतो आणि मोठ्या जनावराची श्वासनलिका (ज्या नळीतून हवा फुप्फुसात जाते ती) दाबून धरतो. मग शिकार आडोशाला ओढतो, मागील भागापासून खाऊ लागतो आणि पोट भरले की उरलेल्यावर पाला ओढतो, जेणेकरून गिधाडांना व कोल्ह्यांना ती दिसू नये. एका बैठकीत तो वीस किलोंहून अधिक मांस खाऊ शकतो. नंतर जवळच पडून राहतो आणि तीन-चार दिवस पुनःपुन्हा येऊन जेवतो.

"मंग आपण त्याचं ताट ओढून नेऊन रायलो का?" रेवताने विचारले.

"होय. आणि ताट गेले तर त्याला पुन्हा शिकार करावी लागेल. त्याची दहा-वीस धडपडींतून एखादीच साधते. भुकेला वाघ सोपे भक्ष्य शोधतो. माणूस उभा असला तर तो बहुधा त्याला टाळतो. पण वाकलेला माणूस त्याला चितळाएवढा दिसतो."

नाल्यापलीकडे, बांबूच्या रांजीपासून थोड्याच अंतरावर, तिची आई मोहफुले वेचीत होती. मोहफुले वाकूनच वेचावी लागतात.

"त्याचे तोंड मोहाकडे वळले आहे," टेहळ्या म्हणाला.

वाघाचे नाव ऐकून ती पळत सुटू नये म्हणून लहानूने सगळा जीव एकवटून नुसती हाक मारली. आईने मानही वर केली नाही. रोज सकाळी चहासाठी तो अशीच घाई करीत असे.

"आली नं, टोपलं तं भरू द्या," तिकडून उत्तर आले.

हाकेने आई उठणार नाही, हे रेवताने ओळखले. तेव्हा तिने हातातील घंटा जोराने हलविली.

कबरीची घंटा आईने कोठेही ओळखली असती. हरवलेली कालवड आली या समजुतीने ती ताठ उभी राहिली आणि पाहू लागली.

"वाघाने तोंड वळवून मान खाली टेकली," टेहळ्या म्हणाला. "त्यांना वाकू देऊ नका."

लहानूने हात उंचावून तिला गाडीवाटेने जाण्याची खूण केली. टोपले तेथेच टाकून ती उभ्यानेच, मागे पाहत पाहत, चालू लागली. ती वाट चढून दिसेनाशी होईपर्यंत रेवता घंटा वाजवीत राहिली.

त्यानंतर लहानूने दोर उचलला.

"तिले त्यालेच द्या लागते का?" त्याने विचारले.

टेहळ्याने होय म्हटले. लहानूने कबरीला पुन्हा पहिल्या जागी ओढत नेले. टेहळ्या बांबूकडे तोंड करून मध्ये उभा राहिला. रेवताने काठीने पळसाचा पाला कबरीच्या अंगावर लोटला. या खेपेस तो कोणाच्या जेवणावर घातला जात आहे, हे तिला ठाऊक होते. तिघेही बांबूकडे पाठ न फिरविता परतले.

चार दिवस त्या नाल्याकडे कोणी गेले नाही. पाचव्या दिवशी टेहळ्याने गावाला चित्र दाखविले : हाडे, बाजूला टाकलेले जठर (चारा साठविणारी पोटातील पिशवी) आणि दूर पहाडाकडे गेलेली पंज्यांच्या ठशांची रांग.

पुढील चैत्रात रेवताच्या सांगण्यावरून बायकांनी जुनी लुगडी एकमेकांना शिवली आणि मोहाखाली कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधली. फुले त्यांवर पडू लागली, आणि आई ती उभ्याने वेचू लागली. कबरीची घंटा एका फांदीला टांगलेली होती.

एके सकाळी पलीकडचा बांबू वारा नसताना हलला. रेवताने घंटा वाजविली. कोणी पळाले नाही. साऱ्या जणी ताठ उभ्या राहून तिकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने बांबू आणखी दूरवर हलला, आणि त्याच्याही पलीकडे.