आमच्या नागलीला कुलूप

काल उघडलेला लेख आज उघडेना. पडद्यावर नुसतं कुलपाचं चित्र. ज्योत्स्ना तरातरा ग्रंथपालाच्या टेबलापाशी गेली.

"हे कुलूप कोणी लावलं?"

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात वाल्मीक नुकताच ग्रंथपाल झाला होता. त्यानं मान वर केली... आणि उत्तरच विसरला. थंडीनं लाल झालेलं तिचं नाक, त्याहून लाल डोळे.

"नियतकालिकं पुरवणाऱ्या कंपनीनं, मॅडम. कॉलेजनं यंदा वर्गणी भरली नाही, म्हणून सगळीच ऑनलाइन नियतकालिकं बंद केली."

"माझा लेख जुन्या अंकातला आहे. त्या वर्षाची भरली होती ना?"

"भरली होती. भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचता येतील, असं करारातही आहे. तरी—"

"पेपर बंद केला म्हणून पेपरवाला घरात शिरून मागची रद्दी उचलून नेतो का हो?"

वाल्मीकला हसू आलं. तिला नाही. तो लेख नागलीवरच्या, म्हणजे नाचणीवरच्या, करपा रोगाचा होता. त्यातली पाहणी पेठ तालुक्यात, तिच्या आजोबांच्या, देवरामबाबांच्या शेतावर झालेली. बाबा गेले, त्यांचं वाणही गेलं. उरले ते त्या लेखातले आकडे. त्यांच्यावाचून तिचा प्रबंध अडला होता आणि मुदत तोंडावर आली होती.

"शेत आमचं, नागली आमची," ती म्हणाली, "आणि दाराबाहेरही आम्हीच."

मग दोघांनी मिळून कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि रोज दुपारी दोघं व्हरांड्यातून फोन लावू लागली. तो समजुतीनं बोले. ती समोरून खुणा करी — अजून जोरात. फोनवरचं तेच ते संगीत ऐकत दोघांचा चहा निवून जाई. एकदा वाचनकक्षात तिनं डबा पुढे केला.

"नागलीचे पापड. आईनं भाजलेत."

"इथं खायला बंदी आहे."

"तुमच्याकडे सगळंच बंद."

अखेर कंपनीचं उत्तर आलं. वाल्मीक जवळजवळ धावतच तिच्यापाशी गेला. "लेख पाठवतायत... फक्त तुम्हाला. तक्रार तेवढी मागे घ्यायची."

त्याला वाटलं, आता तरी हसेल. ती उठून उभी राहिली.

"आणि उद्या सुरगाण्याची एखादी पोरगी येईल, तिला काय सांगणार? तुम्हाला हे चालतं, सर?"

"पण तुमचा प्रबंध—"

"राहिला तर राहिला."

वाल्मीक ओशाळला. तिथंच बसून त्यानं उत्तर टाइप केलं : भरलेली सगळी वर्षं, सगळ्या वाचकांना, नाहीतर कोर्टात भेटू. पाठवायच्या बटणावर दोघांची बोटं एकदमच आली... आणि जरा रेंगाळली.

मुदत उलटली. ज्योत्स्नानं गाइडची बोलणी खाल्ली, अर्ज करून मुदत वाढवून घेतली. आणि अखेर कंपनी नमली; एका दुपारी कुलपं गेली. जुने सगळे अंक, ग्रंथालयातल्या प्रत्येक पडद्यावर. बाबांच्या शेताचे आकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"झालं तुमचं काम," वाल्मीक टेबलाकडे बघत म्हणाला. "आता कशाला याल तुम्ही..."

"भांडायला."

"माझ्याशी?"

"तुमच्याशी नाही हो—" ती अडखळली. "तुमच्या बाजूनं. जन्मभर... चालत असेल तर."

वाल्मीकनं तिचा डबा ओढला, पापड काढला आणि त्या शांत वाचनकक्षात कुर्रकन चावला.

सगळ्यांच्या माना वळल्या.