ताटली वाजली

"बाई, मी निघते… तुमचं औषध खिडकीत ठेवलंय."

आतल्या खोलीच्या दाराशी बॅग टेकवून ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आईनं नुसती मान वर केली. बोलणार तरी कशी? वर्षानुवर्षं शिकवून शिकवून घसा पार बसला होता, आणि महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही अशी डॉक्टरांनी तंबी दिली होती. कपड्यांच्या कारखान्याजवळ लेकीनं स्वतःपुरती खोली घेतली होती. दिवसभर मशीनवर कॉलर शिवून मान मोडायची, घरी यावं तर इथे ही जत्रा… आता बस्स! तिचा जीव नुसता शिणून गेला होता.

बाहेरच्या खोलीत मुलं जमत होती. बांधकामावरच्या मजुरांची, कचरा वेचणाऱ्यांची, शाळेचं तोंडही न पाहिलेली. त्यांच्यासाठी आईनं हा फुकट वर्ग काढला, तेव्हा मदतीला उत्साही मंडळी काही कमी नव्हती. मग एकेकानं काढता पाय घेतला. उरले ते निवृत्त पोस्टमनकाका, आणि तेही पाढे म्हणता म्हणता डुलक्या काढायचे!

सख्ख्या आईला 'बाई' म्हणते म्हणून लोक तिला हसत. पण तो नियम आईचाच होता! ती सहा वर्षांची असताना, तिच्या तोंडून 'आई' ऐकून वर्गातल्या एका पोरक्या मुलीनं हंबरडा फोडला होता. तेव्हा आईनं हिला जवळ घेऊन समजावलं, "वर्ग चालू असेपर्यंत तूही मला बाईच म्हण हं, राणी. सगळ्यांसारखं."

राणीनं ऐकलं… किती निमूटपणे ऐकलं! मुली कडेवर धाकटी भावंडं घेऊन यायच्या. त्यांना धड बसता यावं म्हणून ती सगळी पिल्लावळ आतल्या खोलीत हिच्या गळ्यात पडली, आणि स्वतःचा अभ्यास राहिला तो राहिलाच. संध्याकाळी आई चमच्यानं ताटली वाजवायची, मुलं "सुटली!" म्हणून आरडत पळायची, पण आत कुणी बाळ झोपलेलं असायचं, कुणाला न्यायला अजून कुणी आलेलं नसायचं. तिच्यासाठी ती ताटली कधी वाजलीच नाही.

आत्ता बसल्या बसल्याच आईनं तिचं मनगट धरलं. तेवढ्यात एक परकरी पोर कडेवरच्या बाळासकट आत शिरली.

"ताई, याला घ्या ना! आज जोडाक्षरं मी वाचायचीत, आणि हा मेला चष्माच ओढतो काकांचा!"

आणि काय सांगावं… तिचे हात आपसूक पुढे झाले! बाळ कडेवर आलंसुद्धा. आपल्याच हातांचा तिला असा संताप आला, अशी कीव आली, की इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"मी कधी सुटणार गं?" ती हुंदके देत म्हणाली. आज कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून 'तू' निघत होतं. "वर्ग चालू असेपर्यंत, म्हणाली होतीस ना तू? मग तो सुटला, असं मला कधी सांगितलंच नाहीस! मी वाट बघत राहिले गं… रोज वाट बघत राहिले!"

आईचे ओठ हलले, डॉक्टरांची तंबी कुठल्या कुठे गेली.

"मला वाटलं…" तो आवाज कसला, नुसती घरघर होती, "वर्ग सुटल्यावरही तू म्हणतेस… बाई… ते रागानं. मला परकी केलीस, असं वाटलं… विचारायचं धाडस झालं नाही गं मला!"

दोघीही एकाच घरात, एकाच शब्दाच्या दोन बाजूंना झुरत बसल्या होत्या! आता रडावं की हसावं?

आई भिंतीला धरत उठली. तिनं फळीवरची ताटली काढली, चमचा उचलला आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून वाजवली.

बाहेर एकच गलका उठला. पोस्टमनकाका दचकून जागे झाले. परकरी पोर मात्र भडकली. "अहो बाई! आत्ता तर आलो की आम्ही!"

"तुमची नाही गं," आई कुजबुजली. "माझ्या लेकीची सुटली… फार उशीर झाला सोडायला."

मग तिनं लेकीच्या कडेवरचं बाळ उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि ती आतल्या खोलीत सतरंजीवर बसली. तिला तर आता शिकवता येणार नव्हतंच. त्या पोरीला तिनं हातानंच खूण केली, जा, वाच तू. बाळानं तिच्या अंबाड्याला हात घातला. आईनं बॅगेकडे बोट दाखवलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, नीघ बाळा, उशीर नको करूस.

लेकीनं बॅग उचलली. बाहेर ती पोर अडखळत, ठेचकाळत जोडाक्षरं वाचत होती, काका "पुन्हा, पुन्हा" म्हणत होते. दाराशी जाऊन ती मागे वळली. शब्द कसा अगदी सहज आला.

"आई… येते गं!"