पिवळ्या रंगातलं खळं

आमच्या गावच्या, दांडीच्या शाळेच्या पडवीत मी पाऊस चुकवायला शिरले, तेव्हा एक माणूस स्टुलावर उभा राहून भिंतीवर भलामोठा नकाशा ठोकत होता. तोंडात चार खिळे, हातात हातोडी, आणि नकाशाचं एक टोक वाऱ्यानं सारखं त्याच्या तोंडावर आपटत होतं. मला हसू आलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवून मी ते टोक धरलं.

"आभारी आहे," तो खिळ्यांमधून पुटपुटला.

"आभार राहू द्या. आधी खिळे काढा, नायतर गिळाल एखादा."

त्यानं खाली वाकून बघितलं. डोळे मोठे, आणि पापण्यांवर पावसाचे थेंब... एवढं सगळं मला दिसलं, हे मी पुढे बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

त्याचं नाव भगवंत. साताऱ्याकडचा, कोरेगावचा. बोईसरला नव्या आराखड्याचं ऑफिस उघडलं होतं, तिथला सर्वेअर. साल अडुसष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, बाहेरून माणसं येत होती. म्हणून घरं कुठं, बाजार कुठं, रस्ता कुठं, हे सगळं रंगांनी ठरवून नकाशा गावोगाव लावत होते. गावानं तो बघायचा आणि पटला नाही तर तीस दिवसांत लेखी कळवायचं.

मी सातवी फायनल पास. नकाशावर बोट फिरवत फिरवत समुद्राकाठी आले आणि थांबले. आमच्या खळ्यावर पिवळा रंग होता.

"हे पिवळं काय?"

"राहायची घरं होणार तिथं. जागा मोकळी आहे ना."

"मोकळी? आख्ख्या गावाचे बोंबील सुकतात तिथं. कोणी मोजली ही जागा?"

"मी," तो जरा ऐटीतच म्हणाला.

"कवा?"

"गेल्या श्रावणात."

मी कपाळाला हात लावला. दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत त्या खळ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यांवर बोंबलांच्या रांगा लटकत असतात. पाऊस आला की वलांड्या सुटतात, बांबू घरात जातात. श्रावणात तिथं गवत असतं आणि चार बकऱ्या.

"सायेब, जेवण झाल्यावर धुतलेलं ताट बघायचं, आणि म्हणायचं या घरात कोणी जेवतच नाय. तसं केलंत तुमी."

त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "तर मग कळवा. प्रत्येकीनं वेगळा अर्ज द्यायचा. पोच... मी स्वतः देईन."

आमच्या घरात बाप नव्हता, होडी नव्हती. आई दुसऱ्यांचे ओले बोंबील घेऊन खळ्यावर सुकवायची आणि पावसाळ्यात मी ते बोईसरच्या बाजारात विकायचे. खळं गेलं तर आम्ही दोघींनी काय करायचं? गावातल्या अडतीस बायकांचं असंच होतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. अडतीस अर्ज दोन दिवसांत तयार झाले.

पण बाजाराच्या प्रत्येक खेपेला मी त्याच्या ऑफिसात तीनच अर्ज न्यायचे.

"सगळे एकदम का नाही आणत?" भगवंतानं विचारलं.

"पावसात भिजतील."

"तीन भिजत नाहीत?"

"तीन पदराखाली मावतात."

तो पोच लिहायला लागला. एवढीशी पोच, पण किती सावकाश लिहायचा... एकदा मी त्याला भाजलेला सुका बोंबील दिला. बिचारा देशावरचा माणूस, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. तरी सगळा खाल्ला.

"आवडला?"

"आवडला," नाक पुसत तो म्हणाला. "अजून किती अर्ज राहिलेत?"

"अकरा."

"अकराच?" आणि लगेच कागदात तोंड घातलं.

गावात पारूआजीच्या लक्षात आलंच. "गे सुगंधे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? अर्ज द्यायला जातेस का सायेबाला बघाया?"

"दोन्ही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

शेवटचे अर्ज घेऊन गेले तेव्हा मात्र तो हसला नाही. "मोठे साहेब स्वतः जागा बघायला येणार आहेत," तो म्हणाला. "येत्या सोमवारी. पण दिसणार काय त्यांना? गवतच. आणि कागदावर माझी सही आहे, जागा मोकळी म्हणून."

मला कळलं. ती सही त्यानंच खोडली तर खळं वाचणार होतं, आणि त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. खोडा, असं त्याला कसं सांगायचं? मी पोच घेतली आणि निघाले. एसटीत सगळी वाट डोळे भरून येत होते.

सोमवारी सकाळी आईनं युक्ती काढली. वलांड्या नसल्या तरी ज्या त्या बाईला आपली जागा पाठ होती. अडतीस बायका पावसात खळ्यावर जाऊन आपापल्या जागेवर उभ्या राहिल्या, आणि एकीपासून दुसरीपर्यंत दोर ताणले. गवतावर आख्खं खळं उभं राहिलं.

मोठ्या साहेबांनी छत्रीखालून बघितलं. "आज उभ्या राहिल्या आहेत, ठीक. पण उभं काय, कोणीही राहील. कागद काय म्हणतो?"

मी भगवंताकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं.

"कागद चुकलाय साहेब," त्याचा आवाज आला. "मी चुकलोय. भर पावसात येऊन मोजलं, आणि एकाही माणसाला विचारलं नाही."

साहेबांनी त्याला तिथंच भरपूर सुनावलं. आम्ही सगळ्या मान खाली घालून ऐकत होतो. शेवटी ते म्हणाले, "मग आता नीट मोजा. प्रत्येकीची जागा, प्रत्येकीचं नाव. संध्याकाळपर्यंत वही टेबलावर पाहिजे. पिवळा रंग काढू." आणि जीपमध्ये बसून गेले.

मोजता मोजता दुपार उलटली. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. टेप गुंडाळताना तो जवळ यायचा, अगदी जवळ, आणि मग परत लांब जायचा. शेवटी आईची जागा झाली.

"आता तुमची," तो म्हणाला.

"माझी नाय. पोरीला खळ्यावर जागा नसते. लगीन होऊन गावातच राहिली तर सासूची मिळते."

"आणि गावाबाहेर दिली तर?"

"तर खळं सुटलं."

त्याची पेन्सिल वहीवर तशीच राहिली.

"मला एक विचारायचं होतं," खालच्या आवाजात तो म्हणाला. "आजच विचारणार होतो. पण आता... नाही विचारत."

"का?"

"तुमची जागा एकदा घेतली होती मी, चुकून. आता जाणूनबुजून कशी घेऊ?"

मला रडू आलं, आणि रागही आला. मला हा माणूस हवा होता आणि खळंही हवं होतं. दोन्हीतलं एकच घे, असं कोणी ठरवलं?

आई शेजारीच उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"ओ सायेब," ती म्हणाली, "माझ्या जागेचे दोन भाग करा. अर्धी माझी, अर्धी पोरीच्या नावावर. मग ती कुठंबी नांदू दे."

"गे, अशी रीत नाय आपली," पारूआजी म्हणाली.

"रीत तरी कुठं लिवलीय? सरकार आपल्याला इचारून नकाशा बदलतं, मग आपल्याला आपली रीत नाय बदलता येत? इचारा सगळ्यांना."

पावसात अडतीस बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पारूआजीनं पदरानं तोंड पुसलं.

"बरं, लिवा. पण मग माझ्या नातीचंबी नाव लिवायचं."

हशा पिकला. पलीकडून कोणी म्हणालं, माझ्या उषाचंपण. आईची जागा अर्धी अर्धी मोजून झाली. भगवंतानं वहीचं नवं पान काढलं, छत्री मानेत धरली आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"सुगंधा."

"पुढं?"

वडलांचं नाव ओठांवर आलं होतं. पण समोर तो... सकाळपासून भिजलेला, सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेला, आणि माझ्याकडे काहीही न मागणारा.

"पुढं तुमचं लिवा," मी म्हणाले.

तो बघतच राहिला. "मी... अजून विचारलं नाही."

"मग विचारा की. टेप धरून किती वेळ उभी राहू?"

त्यानं विचारलं. गावासमोर, चिखलात उभं राहून, अगदी हळू. मी हो म्हटलं. आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन वहीत ते नाव मीच लिहिलं.