राहीबाईंचा हरवलेला धवला

"माझ्या आईचा आवाज चोरीला गेलाय," मनालीताई म्हणाली, आणि रमशाचं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

क्षितिजाने मात्र पापणीही हलवली नाही. दहावीत असली तरी हरवलेल्या डब्यापासून फुटलेल्या पेपरापर्यंत सगळ्याचा छडा लावणारी ती गल्लीतली एकमेव खासगी गुप्तहेर होती. फी, एक वडापाव. रमशा तिची मैत्रीण, मदतनीस आणि (फक्त रमशाच्या मते) बरोबरीची भागीदार.

"नीट सांग, ताई."

मनालीची आई राहीबाई म्हणजे नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी करत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे, तर ते राहीबाईंनीच. गेल्या वर्षी त्या वारल्या. २०१९ साली आतेबहिणीची हळद मनालीच्याच अंगणात झाली, तेव्हा मनालीने कॅमेऱ्यावर त्यांच्या धवल्याचा व्हिडिओ काढला होता. आईच्या गाण्याची तेवढीच एक खूण.

"त्याआधी कॅमेरा वर्षभर कपाटात मरून पडलेला. ऐन हळदीच्या दिवशी धावत जाऊन नवी बॅटरी आणली, तेव्हा कुठे चालू झाला. आता रविवारी माझी हळद आहे. मांडवात मला आईचाच धवला हवाय." मनालीने डोळे पुसले. "दादाने दिवाळीत घरातले सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर टाकून घेतले, वर्षावर्षाचे फोल्डर करून. २०१९ उघडलं तर हळदीचं काहीच नाही! वहिनीनेच उडवलं. तिला बाळाच्या फोटोंना जागा हवी होती. मी बोलतच नाही तिच्याशी."

मनालीच्या घरी जाताना वाटेत यहयाचं मोबाइलचं दुकान लागलं. डिस्क त्यानेच भरली होती.

"कॅमेऱ्याचं कार्ड खाली केलं मी, हो," तो म्हणाला. "लेकिन पहले सब कुछ डिस्कवर चढवलं. तारखा बघून कॉम्प्युटर आपोआप लावतो. मी एका फोटोला हात नाय लावला. आता माझ्यावर पण केस?"

"अजून नाही," क्षितिजा म्हणाली.

मनालीच्या घराला लागूनच रमशाच्या नानांचा, गुलाम हुसेन यांचा, कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. शुक्रवार असल्यामुळे तो बंद होता. म्हणून तर आज या घरात माणसं माणसांसारखी बोलत होती. एरवी मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं.

काल्हेरच्या गोदामातून ड्युटी करून आलेला मनालीचा दादा प्रितेश वैतागलेलाच होता. "मी कशाला उडवू? यहयाने लावलं तसंच आहे. जुनी फोल्डरं तर मी उघडलीही नाहीत."

"दुसरी कॉपी?"

"एवढी मोठी डिस्क आणल्यावर दुसरी कशाला?"

क्षितिजाने कपाळाला हात लावला.

कमळवहिनी बाळाला थोपटत होती. "दोन-दोन आलेले बाळाचे फोटो उडवले, खरं हाय," ती हळूच म्हणाली. "पर सासूबायचा आवाज मी पुसंन? न्हाय ग बाय."

"डिस्क टीव्हीला लावू?" क्षितिजाने विचारलं. "अगदी पहिल्या फोल्डरापासून."

पहिलं फोल्डर होतं २०१० चं. त्यातली पहिलीच क्लिप सुरू झाली. कॅमेरा नुसता जमिनीकडे वळलेला, आणि खटाखट, खटाखट, खटाखट! रमशाला एकदम घरच्यासारखं वाटलं. खाली तारीख होती, १ जानेवारी २०१०, शुक्रवार.

"बंद करा ग, पोर उठंल!" वहिनीने टीव्ही बंद केला.

आणि क्षितिजा हसली. ते हसू रमशा ओळखून होती. केस सुटली होती! आपल्याला मात्र ओ की ठो कळलेलं नाही, हेही तिला नेहमीप्रमाणे कळलं.

"सगळे बसा," क्षितिजा म्हणाली. "एक व्हिडिओ नको असेल, तर माणूस एक व्हिडिओ उडवतो. इथे अख्खी हळदच गायब आहे. म्हणजे ते उडवलेलं नाही, भलतीकडे गेलंय. रमशा, नानांचा कारखाना शुक्रवारी कधी चालतो?"

"शुक्रवारी? माझ्या जन्माच्या आधीपासून बंद असतो!"

"मग आत्ता काय खटाखट वाजत होतं?"

रमशाचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं ज्या आवाजात ती झोपली, तोच तिच्या ध्यानात आला नव्हता.

"लूम खोटं बोलत नाहीत. म्हणजे तारीख खोटी. वार चुकला, तर सालही चुकलं असेल. तारीख कुठली, तर वर्षाचा पहिला दिवस. कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडलं की ते पुन्हा आरंभापासून सुरू होतं. ताई, नवी बॅटरी घातल्यावर कॅमेऱ्याने काही विचारलं होतं?"

मनालीचा चेहरा उतरला. "काहीतरी आलं होतं खरं. सगळे हाका मारत होते, हात हळदीने भरलेले. मी... ओके दाबलं."

"आणि कॉम्प्युटरने त्या तारखेवर विश्वास ठेवला. चोर कुणीच नाही."

मनालीने वहिनीकडे पाहिलं नाही, पाहवेना.

क्षितिजाने टीव्ही पुन्हा लावला. पुढचीच क्लिप धवल्याची होती. नऊवारीतल्या राहीबाई, कपाळभर कुंकू, ओठ हलतायत. आणि लूमच्या त्या खडखडाटात त्यांचा आवाज बुडून गेलेला. सूर मधूनच वर यायचा, शब्द एकही नाही.

"आई काय गातेय, तेच कळत नाही," मनाली रडायला लागली. "हे मी मांडवात काय लावू?"

रमशाला वाटलं, नानांच्या कारखान्याला आज शिव्या द्याव्यात.

तेवढ्यात कुणीतरी हळूच सूर धरला. कमळवहिनी. टीव्हीतल्या ओठांवर नजर ठेवून ती एकेक शब्द जागेवर बसवत होती, आणि राहीबाईंचे ओठ तिच्या बरोबरीने हलत होते. बाळंतपणात सासूबाई रोज उशाशी बसून गायच्या. सगळं पाठ होतं तिला.

प्रितेश तोंड फिरवून उभा राहिला. क्षितिजा गुपचूप दुसरी कॉपी करायला लागली.

धवला संपला. मनाली वहिनीच्या पायाशी येऊन बसली. "रविवारी मांडवात तू गाशील?"

"तू माझ्याशी बोलत न्हायस ना?"

"नाहीच बोलत," मनाली नाक ओढत म्हणाली. "तू गा. मी ऐकते."