ओली बाही

"टॉवेल घेतले, चेंडू घेतला, आता फक्त मावशीला घ्यायचं राहिलं!" फिरकीने दारातूनच हुकूम सोडला.

पोहायला जायचं सकाळीच ठरलं होतं. पण मावशी संगणकासमोरून हलायला तयार नव्हती. तिचा चेहरा पार उतरला होता.

मावशी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायची. विज्ञानशिक्षकांसाठी एक संकेतस्थळ होतं, त्यावर तिच्या प्रयोगांचे व्हिडिओ असत. मावशी पुस्तकांच्या ढिगावर फोन टेकवून प्रयोग करायची आणि व्हिडिओ संकेतस्थळाच्या कार्यालयाकडे पाठवायची. तिथली माणसं तो नीटनेटका करून साइटवर चढवायची आणि कुठले कुठले शिक्षक तो बघून वर्गात करायचे. याचा तिला फार अभिमान होता, पण बोलून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती.

"काय झालं गं आई?" मावशीच्या मुलीने, पिल्लूने विचारलं.

"गंजाच्या प्रयोगाबद्दल तक्रारी आल्यात. पाणी चढतच नाही म्हणे. सुट्टीतल्या शिबिरात एका बाईंची मुलांसमोर फजिती झाली. कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला होता. आज संध्याकाळी ते माझे सगळे प्रयोग काढून टाकणार आहेत."

"सगळे?" फिरकी ओरडली. "एकासाठी सगळे?"

"खोटं शिकवणारी बाई म्हणे मी!" मावशी म्हणाली आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

पोहण्याचं नाव कुणी काढलं नाही. फिरकीचा भाऊ मात्र संगणकासमोर जाऊन बसला. 'सूर्य उगवला' म्हटलं तरी 'कशावरून?' विचारणारा हा प्राणी, म्हणून घरात त्याचं नाव शंकासूर पडलं होतं. त्याने व्हिडिओ लावला.

पडद्यावर मावशीने बारीक लोखंडी तारेची घासणी दाखवली. मग ती काचेच्या नळीच्या तळाशी कोंबली आणि नळी रंगीत पाण्याच्या वाडग्यात उलटी उभी केली. "लोखंड गंजताना नळीतल्या हवेतला प्राणवायू वापरतं," पडद्यावरची मावशी म्हणाली, "आणि त्याच्या जागी पाणी वर चढतं."

"थांब, मागे घे!" शंकासूर स्वतःलाच म्हणाला. "मावशीची बाही बघा. घासणी दाखवताना कोरडी. नळीत घालताना कोपरापर्यंत ओली!"

"मग? भिजली असेल," पिल्लू म्हणाली.

"कशाने? अजून तिने पाण्याला हातसुद्धा लावलेला नाही!"

तिघंही स्वयंपाकघरात धडकली.

"मावशी, तुझी बाही कशाने भिजली?"

"बाही? घासणी व्हिनेगरमध्ये धुताना भिजली असेल."

"पण व्हिडिओत धुणं कुठेच नाही!"

मावशीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "म्हणजे? अरे, घासणी गंजू नये म्हणून कारखान्यात तिला तेलाचा हात दिलेला असतो. ते धुऊन काढल्याशिवाय ती लवकर गंजेल कशी?"

"आई, साइटवर चढल्यावर तू बघितलाच नाहीस?"

"इश्श! स्वतःलाच काय बघायचं? माझा आवाज ऐकला की मला कसंतरीच होतं."

फिरकीने कपाळाला हात लावला. मावशीने लगेच कार्यालयात फोन केला, पण साहेबांनी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "आमच्याकडे सगळं तपासूनच चढतं, बाई!"

"असं काय?" फिरकीचे डोळे चमकले. "चला, साहेबांना भेटायला!" पोहण्याच्या पिशवीतून टॉवेल बाहेर आले आणि नळ्या, घासण्या, व्हिनेगरची बाटली आत गेली.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत व्हिडिओ कापून जोडणारा दादा कानाला हेडफोन लावून बसला होता, आतल्या खोलीत साहेब. मावशीने तोंड उघडण्याआधीच फिरकीने साळसूद चेहरा केला.

"साहेब, आम्हाला हा प्रयोग जमतच नाही हो! तुम्ही तपासलेला आहे ना? एकदा करून दाखवता?"

साहेब खुशीत हसले. "त्यात काय! डाव्या हातचा मळ आहे." त्यांनी पडद्यावर बघत बघत घासणी नळीत कोंबली आणि नळी पाण्यात उलटी केली. शंकासुराने शेजारी दुसरी नळी मांडली. तिच्यातली घासणी त्याने मात्र आधी व्हिनेगरमध्ये खळखळून धुतली होती.

सगळ्यांचा चहा झाला. गप्पा झाल्या. साहेबांच्या नळीतलं पाणी ढिम्म हललं नाही. शंकासुराच्या नळीतलं मात्र हळूहळू वर सरकत होतं.

"चढलं! चढलं!" पिल्लू टाळ्या पिटत नाचायला लागली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "यात फरक काय?"

"घासणी धुतली, एवढाच," मावशी शांतपणे म्हणाली. "मी पाठवलेल्या व्हिडिओत ते होतं."

व्हिडिओवाला दादा दारात येऊन उभा होता. त्याचा चेहरा पडला. "ते मीच कापलं," तो म्हणाला. "घासणी, सिंक, पाणी... मला वाटलं, बाई भांडी घासताहेत आणि कॅमेरा चुकून चालू राहिलाय!"

मग पहिली मावशीच हसली, इतकी की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब मात्र हसले नाहीत.

"चूक त्याची नाही, माझी," ते म्हणाले. "तपासतो म्हणत होतो, म्हणजे नुसता बघत होतो. बाई, मला माफ करा. यापुढे इथे कुणीतरी स्वतः करून बघितल्याशिवाय एकही प्रयोग चढणार नाही." मग ते मुलांकडे वळले. "तुम्हा तिघांसारखे डोळे माझ्याकडे असते, तर ही वेळच आली नसती. शाबास!"

"कशावरून?" शंकासूर सवयीने म्हणाला आणि फिरकीने त्याला चिमटा काढला.

कापलेला तुकडा त्याच संध्याकाळी परत जोडला गेला. रात्रीच्या जेवणाआधी मुलांनी मावशीला ओढत आणून संगणकासमोर बसवलं. तिने तोंडावर हात धरले आणि बोटांच्या फटीतून स्वतःचा व्हिडिओ पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितला.

खाली एक नवी ओळ आली होती. शिबिरातल्या त्याच बाईंनी लिहिलं होतं, "आत्ता घरी करून बघितला. पाणी चढलं! उद्या मुलांना दाखवते. आता तुमचे बाकीचे प्रयोगही करून बघणार!"

मावशीने ती ओळ पुन्हा वाचली. मग डोळे पुसून म्हणाली, "टॉवेल कुठे टाकलेत रे? उद्या सकाळी पोहायला आपण नक्की जाणार!"