पुलावरून चार किलोमीटर

"साहेब, तुम्ही स्वतः कधी वरच्या वस्तीपर्यंत चालत गेलात का?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज चष्मिस आणि लांब्याने लावली होती, आणि आता दोघंही पोस्टाच्या खिडकीखाली दडून बसली होती. पिपाणी मात्र पोस्टमास्तरांच्या टेबलासमोर ताठ उभी होती. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिच्या तोंडून आवाज फुटत नसे. यंदा तो असा फुटला, की मित्रांनी तिचं नावच पिपाणी ठेवलं.

नव्या पोस्टमास्तरांनी अंतर मोजायला भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला. "पुलावरून चार किलोमीटर. जाऊन-येऊन आठ. टपाल वाटून यायला तुझ्या आईला सात तास लागतात. कुठेतरी बसत असणार. सोमवारपासून त्यांची बदली खालच्या शहरात."

खालचं शहर बसने पाच तासांवर. म्हणजे आई फक्त रविवारी घरी.

"खरंच बसत असतील तर?" बाहेर आल्यावर लांब्याने हळूच विचारलं.

"तर मीच साहेबांना येऊन सांगेन," पिपाणी म्हणाली खरी, पण तिलाही खात्री नव्हती. आई कामाबद्दल कधी बोलतच नसे. घरी येईपर्यंत ती इतकी दमलेली असे, की जेवतानाच तिचे डोळे मिटत.

शाळेला सुट्टीच होती. दुसऱ्या दिवशी तिघं लपतछपत आईच्या मागे निघाली. पहिल्याच वळणावर आई मागे न बघता म्हणाली, "पुढे या तिघं. आणि ती चप्पल कोणाची फटफटतेय? घसरशील."

"माझी, मावशी," लांब्या ओशाळून म्हणाला.

चढण संपली, झाडं संपली आणि वाटही संपली. समोर खोल दरी. अलीकडे एक दगडी खांब, पलीकडे एक, मध्ये नुसती हवा. पलीकडच्या कड्यावर वस्तीची पत्र्याची छपरं अगदी हाकेच्या अंतरावर होती.

"पूल कुठाय?" चष्मिसने विचारलं. वस्तीवाले बाजाराला पलीकडच्या गावात उतरत. इकडे यायचं मुलांना कधी काम पडलं नव्हतं.

"नऊ वर्षांपूर्वी तुटून पडला," म्हणत आई दरीत उतरू लागली.

लांब्याने पावलं मोजायला घेतली आणि दोन हजारांवर मोजणंच सोडून दिलं. दरीच्या तळाशी दगडांवरून नदी ओलांडायची, मग तेवढंच पुन्हा चढायचं. वस्तीत आईने दारोदार पत्रं दिली आणि न टेकता ती परत फिरली.

"आई, वहीत मार्ग काय लिहितेस?"

"पुलावरून."

"पूल नाहीये ना पण."

आई थबकली. "आधीच्या पानावर तेच असतं. सगळं गाव तेच म्हणतं." मग थकलेलं हसली. "खरंच की गं."

"मग साहेबांना सांग."

"सांगायला गेलं की ते दोरा धरतात."

शनिवारी दुपारी पोस्ट बंद होताच पिपाणी पुन्हा हजर. "साहेब, भूगोलाच्या वहीसाठी तुमचा फोटो हवाय. पुलावर उभे असलेले तुम्ही."

साहेबांनी केस विंचरले. "चला, तासाभराचं तर काम."

खांबापाशी पोचायलाच दोन तास लागले. साहेबांनी हा खांब पाहिला, तो खांब पाहिला, मग मधली दरी पाहिली.

"पूल?"

"नकाशात आहे, साहेब," लांब्या साळसूदपणे म्हणाला. "इथून खाली उतरायचं, मग तिकडे चढायचं. येताय?"

साहेब मटकन दगडावर बसले. बराच वेळ घाम पुसत राहिले. "त्या बसत असतील म्हणालो होतो मी," ते स्वतःशीच पुटपुटले.

त्याच संध्याकाळी ते पिपाणीच्या घरी आले. बदली रद्द, वहीत मार्ग दुरुस्त, नकाशातल्या पुलावर फुली. "तुमच्या मुलीने मला भूगोल शिकवला," ते म्हणाले. बाबांनी शिवणयंत्र थांबवून लेकीकडे अभिमानाने पाहिलं.

साहेब गेले. आई बाकावर टेकली आणि पाय चोळता चोळता तिथेच पेंगू लागली. पिपाणी तिच्याकडे बघत राहिली. सात तास खरे ठरले होते, पण त्यातला एकही कमी झाला नव्हता.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "सुट्टी संपेपर्यंत मी रोज आईबरोबर जाणार. टपालाला हात लावणार नाही, पण डबा, पाणी आणि छत्री मी उचलणार. आणि बाबा, रात्रीचा स्वयंपाक तुमच्याकडे. मी विचारत नाहीये हं. सांगतेय."